कोरा नमुना

सहा महिने मी त्याला नाव दिलं नाही.
नाव दिलं की दृष्ट लागते, म्हणतात जिनगोंडा मामा,
एकोणतीस वर्षं आमच्या लॅबच्या काचा धुणारे,
ज्यांच्या बोटांना सिल्व्हर नायट्रेटचे डाग
तिळासारखे कायमचे.

वहीत फक्त : माका, मिथेनॉल, फ्रॅक्शन अकरा.
बिनरंगी. तेलकट.
नळीच्या बुडाशी थेंबभर.

माका आणायची तानूबाई, वळिवड्याहून,
नदी ओसरते तिथला,
युरियाच्या पोत्यात, मुळांना गाळ तसाच.
तिच्या सासऱ्यानं याच पाल्याचा रस
काविळीवर अर्ध्या गावाला पाजलेला.
"गावलं काय त्यातलं?"
"गावंल," मी म्हणायची.

आणि रात्री उशिरा
काचेच्या उभ्या नळीत पांढरी सिलिका भरून
वरून थेंब थेंब हेक्झेन सोडत बसायची.
सागरमाळावरून वारा यायचा,
विद्यापीठातले मोर उगाच ओरडायचे.
तीस नळ्यांत काही नाही,
अकरावीत मात्र जांभळ्या दिव्याखाली
एक ठिपका, गोल, एकटा,
कुंकवासारखा नेमका.
घरी फोनवर सांगितलं, काहीतरी सापडलंय.
आईनं साखर वाटली. वाटू नको म्हणाले होते.

मग पुण्याहून आलेखाचा कागद आला.
चौगुले मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला
आणि सगळ्यांत उंच रेषेवर बोट ठेवलं.
एकशे एकोणपन्नास.
"ह्याला मी ओळखते," म्हणाल्या,
गल्लीतल्या एखाद्या वांड पोराबद्दल बोलावं तसं.
"हे झाडाचं नव्हे गं.
प्लास्टिक मऊ राहावं म्हणून घालतात ते."

मी रडले नाही.
त्या दिवशी दुपारी मेसमध्ये तांबडा रस्सा होता,
दोन वाट्या प्याले.

नंतर गुन्हेगार शोधायला बसले.
रबरी नळी? हातमोजे? ड्रॉपर?
पोतं?
पोत्याचा तुकडाच मिथेनॉलमध्ये उकळला,
मामा म्हणाले, "आता पोत्याचं औषध काढतीस व्हय."
माका न घालता सगळं तसंच केलं,
तेवढेच तास, तेवढंच पाणी कंडेन्सरला,
त्याला आमच्यात कोरा नमुना म्हणतात.
कोरा, म्हणजे ज्यात काही नाही असं
आधी सिद्ध करावं लागतं.
रेष सपाट आली.
नळी निर्दोष. हातमोजे निर्दोष. पोतंही.
मॅडमच्या गच्चीवरच्या कुंडीतला माका : सपाट.
प्रयागचा, गावाच्या वरच्या अंगाचा : थोडं, पण आहे.
वळिवड्याचा : एकशे एकोणपन्नास,
कागदाच्या वरच्या कडेला टेकलेला.
शेवटी एक लिटर नदीच आणली बाटलीत,
काचेच्या, तीनदा धुतलेल्या.
तिच्यातही तेच.

म्हणजे सहा महिने मी झाडाला विचारत होते
आणि झाड नदीचं सांगत होतं.

प्रबंधाचं शीर्षक बदलावं लागेल.
मॅडम म्हणतात, हेही कामच आहे, उलट मोठं.
असेल.
मला आठवतोय तो सासऱ्याचा पेला,
पितळी, रस भरलेला, कडू,
आणि डोळे पिवळे झालेलं कुठलंतरी पोर
नाक दाबून घोट घेणारं.
तेव्हा नदीत काय होतं, कोण सांगणार.
त्या काळाचा कोरा नमुना कुणी ठेवलेला नाही.

शनिवारी तानूबाई आली. पोतं खाली ठेवलं.
"गावलं म्हणं काहीतरी. नाव काय त्याचं?"
मी नाव सांगितलं, अख्खं, लांबलचक.
तिनं म्हणून बघितलं, अर्ध्यात अडकली, हसली,
मग हसायची थांबली.
"पर कुणाचं हाय ते?"

वहीत असा रकाना नसतो.

"ठेवू, का मागारी नेऊ?"
ठेवा, म्हटलं.
मामांनी काटा पुसून दिला.
पावणेदोन किलो, ओला.
मी तारीख घातली.